मशिनची आणेवारी

नाथाजीची नजर पडली की चालतं मशिन बंद पडतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी त्याच्यासमोर बंद पडली. शिंप्याला त्यानं नुसतं "बरं चाललंय न्हवं?" विचारलं आणि मशिनची सुई तुटली. तो येताना दिसला की बायका दळता दळता जात्यावर पदर टाकायच्या. आमच्या दाराला तर लिंबू-बिब्बा टांगला गेला, कारण त्याची आणि आमची भिंत एकच.

ही बातमी बरीचशी मीच पसरवली होती, तेव्हा ती दुरुस्त करायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. गिरणी बंद पडली ती कंट्रोलच्या दिवसांत इंजिनाला तेल मिळेना म्हणून. शिंप्याची सुई नाथाजी सांगलीत यायच्या आधीही आठवड्याला एक तुटायची. नाथाजी मशिन बंद पाडत नव्हता. मशिन कधी बंद पडलं, किती वेळ आणि कशानं, एवढं तो लिहून ठेवायचा. पण लिहून ठेवणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कधी कुणी भलं चिंतलंय?

एक गोष्ट मात्र खरी होती आणि ती मी पसरवली नव्हती. नाथाजीसोबत आणखी कुणीतरी राहायचं. खोली एकट्याची, पण चटई तो दोघांच्या मापाची पसरायचा. भरदिवसा, उन्हात, दर तासाच्या ठोक्याला त्याची मान डावीकडे वळायची आणि तिथं असलेल्या माणसाकडे पाहावं तसा तो पाहायचा. तिथं कुणी नसायचं. मी थट्टेखोर माणूस, पण त्या वेळी माझ्याच्यानं थट्टा व्हायची नाही.

नाथाजी माणदेशचा, दहिवडीकडचा. घरात मेंढरं. पावसाच्या मनात आलं तर पिकणार अशी जमीन. लढाईच्या साली तो पुण्याकडे एका दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला आणि मेंढरं मोजायची सवय कामाला आली. तिथल्या गोऱ्या साहेबानं त्याला घड्याळ दिलं आणि मशिनं मोजायला शिकवलं. लढाई संपली, कारखान्यानं माणसं कमी केली. तेव्हा आमच्या हळदीच्या गिरणीचे मालक लालासाहेब त्याला सांगलीला घेऊन आले. साल शेहेचाळीस. मी त्याच गिरणीत वजनकाट्यावर होतो, म्हणून त्याचं घर आणि काम, दोन्ही माझ्या नजरेच्या टप्प्यात. असा योग फार थोड्या शेजाऱ्यांना लाभतो.

हळदीच्या गिरणीत तुम्ही कधी गेला नसाल तर सांगतो. तिथं ऊन पिवळं, सावली पिवळी आणि माणसाची थुंकीही पिवळी. एक इंजिन, छताखालून फिरणारा लांब दांडा आणि त्यावरून पट्ट्यांनी फिरणारी मशिनं. हळकुंडं घासून गुळगुळीत करणारं एक मोठं पिंप आणि दळणाच्या दोन दगडी चक्क्या. मशिन थांबवायचं तर लाकडी दांड्यानं पट्टा रिकाम्या चाकावर ढकलायचा. दिवसभर सगळे हळद लागल्यासारखे फिरायचे. लग्न तेवढं कुणाचं नसायचं.

नाथाजीला सगळे मास्तर म्हणायला लागले. त्यानं भिंतीवर घड्याळ टांगलं आणि आधी सगळ्यांना घड्याळ वाचायला शिकवलं. मग प्रत्येक मशिनजवळ एक काळा फळा आणि खडू. दिवसाची पोती लिहायची आणि मशिन थांबलं की खूण करायची. पट्ट्यानं थांबलं तर गोल, हळद संपली तर पान, इंजिनानं दगा दिला तर आडवी रेघ. आणि कारणच नसेल तर फुली. साहेबाच्या कागदावर शेवटचा रकाना 'विनाकारण' असा होता, त्याची ही फुली.

इथवर मंडळी खूश होती. पण मशिन किती कामाचं हे काढायचं कसं, तिथं गाडी अडली. नाथाजी तीन गोष्टी सांगायचा. चालायला पाहिजे तेवढा वेळ मशिन चाललं का? चाललं तेव्हा पुरत्या वेगानं चाललं का? आणि निघालेल्या मालातला चोख किती? समोरची तोंडं आ वासून त्याच्याकडे बघत राहिली.

तेव्हा त्याला ते सुचलं. म्हणाला, "आरं, तलाठी आन पाटील पिकाची आणेवारी लावत्यात न्हवं? सोळा आणं म्हंजे पुरं पीक. तशी ही मशिनची आणेवारी!"

झालं. एका दमात सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं फळ्यावर मांडलं. दहा तासांपैकी मशिन साडेसात तास चाललं, वेळ बारा आणे. वेगही बारा आणे. माल चोख चौदा आणे. "तर मशिन किती आणं?"

"बारा-चौदा आणं आसंल की," मानसिंग म्हणाला. पहिल्या चक्कीवरचा हा गडी, चार एकरांचा शेतकरी, आणि तोंडानं बारा एकरांचा.

"न्हाई. पाऊणकीचा पाढा म्हना. पाऊणाचं पाऊण म्हंजे नऊ आणं. त्यातलं चोख सोळ्यात चौदा. हातात आठ आण्याला अर्धा पैसा कमी. तीन जागी थोडं थोडं सांडलं की निम्मं जातंय बगा."

निम्मं जातंय हे कुणाला आवडलं नाही, पण पटलं सगळ्यांना.

लालासाहेब त्या दिवसांत साताऱ्याला पुतणीच्या लग्नात गुंतले होते. पंधरा दिवस फळे भरत गेले. मी माझ्या काट्यावरून गंमत बघत होतो. पहिल्या चक्कीच्या फळ्यावर दिवसाची अकरा पोती, माझ्या काट्यावर सोळा. पिंपाजवळच्या फळ्यावर थांबल्याच्या खुणा एवढ्या, की ते फिरत होतं यावर विश्वास बसू नये. मला सगळं कळत होतं. मी बोललो नाही. म्हटलं, बघू तरी काय होतं. अशा गमती पुढं अंगाशी येतात, हे या वयात मला माहीत असायला पाहिजे होतं.

लालासाहेब आले, फळे बघितले आणि मटकन पोत्यावर बसले. "चार आणं? नाथाजी, माजी मशिनं चार आणं?"

नाथाजीलाही कळेना. दोन दिवस तो घड्याळ घेऊन स्वतः उभा राहिला. त्याच्या हिशेबानं मशिन आठ आणे. मग त्यानं मानसिंगला गाठलं. "सोळा पोती काडतूस आन अकरा लिवतूस? का रं?"

मानसिंग त्याच्याकडे असा बघत राहिला, जसा काही प्रश्नच खुळा होता. "मास्तर, आणेवारी हाय न्हवं ही? आणेवारी कमीच लावायची आसती. खरी आणेवारी कोन सांगतंय का? सारा न्हाई का वाडायचा?"

गिरणीतल्या एकूण एक शेतकऱ्यानं मशिनची आणेवारी पिकासारखी लावली होती. सरकारला दाखवतात तशी, बारीक तोंड करून. पिढ्यान्‌पिढ्यांचं शिक्षण ते, पंधरा दिवसांच्या मास्तरापुढं थोडंच हार जाणार! मी पोत्याआड जाऊन पोट धरून हसलो. नाथाजी हसला नाही. त्याची मान डावीकडे वळली होती.

फळे दुरुस्त झाले, चाराचे आठ आणे झाले. पण एक फळा तसाच राहिला, दुसऱ्या चक्कीचा. ती चक्की धोंडुबाई चालवायची. पन्नाशीची विधवा. टीचभर जमीन नाही, म्हणून आणेवारी कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. अख्ख्या गिरणीत तेवढीच बाई खरं लिहीत होती. आणि तिच्या फळ्यावर रोज आठ-नऊ फुल्या. दर तासाला एक.

लालासाहेबांनी त्या मोजल्या. चार आण्यांचा राग अजून उतरला नव्हता, तो फुल्यांवर निघाला. "बाकीच्यांचं सोड. ही बाई दर तासाला माजं मशिन विनाकारण थांबवती. सोमवारी तिला एकदाच बगतो. नाथाजी, एक दिवस तू चक्की बिनफुलीची चालवून दाव. चालली की बाईला घरी धाडायचं. तुला न्हाई जमलं, तर तूबी दहिवडीची गाडी धर."

धोंडुबाई खाली मान घालून ऐकत होती. तिच्या घरी आंधळी सासू आणि ही एकटी मिळवणारी.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी भाकरी घेऊन नाथाजीकडे गेलो. तो दुसऱ्या चक्कीपुढं उभा होता. चक्कीच्या लोखंडी आवरणावर हळदीचा बोटभर थर आणि त्यात एका हाताचा पंजा उमटलेला. पाच बोटं, स्वच्छ.

"काय बघतोस?" मी म्हटलं. "धोंडुबाईचा हात आहे. चक्की थांबवून रोज टेकते."

"ठावं हाय," तो म्हणाला. "पैल्या दिशी ठावं न्हवतं. पैल्या दिशी वाटलं, हितंबी आला."

"कोण आला?"

तो तिथंच खाली बसला. पिवळ्या उजेडात त्याचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. मी भाकरी सोडली नाही. ऐकायचं तर हातात काहीतरी असावं लागतं.

"भाऊसो. माज्या गावचा. मीच त्याला कारखान्यात चिकटवला, लोखंड दाबायच्या मशिनवर. दर तासाला मशिन थांबवायचा आन हात टेकून उभा ऱ्हायाचा. मोजून सव्वा मिनिट. म्या कागदावर लिवलं, विनाकारण. सायबानं तांबड्या पेन्सिलनं रेघ मारली, म्हनला ही येळ काडून टाक. मी भाऊसोला म्हनलं, गड्या, नगं उभा ऱ्हाऊस, माजी मान खाली जाती. त्यो हसला. म्हनला, बरं रं, तू म्हनतूस तर."

"मग?"

"पुडच्या आटवड्यात त्याच्या मशिनची आणेवारी समद्यांत वर. सायबानं माज्या पाटीवर थाप मारली. अकराव्या दिशी आतली खीळ निसटली. हात गेला. तिसऱ्या दिशी त्योबी गेला." नाथाजीनं खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि परत ठेवलं. "खीळ ढिली झाली की मशिन हाताला थरथर लागतं, तात्या. त्यो त्येच बगत हुता. दर तासाला. आन मला म्हाईत न्हवतं."

"त्यानं सांगायचं नाही का?"

घड्याळात एक वाजला. त्याची मान वळली. आणि देवाशपथ सांगतो, माझीही वळली. चक्कीजवळ कुणी नव्हतं. पंजा तेवढा होता.

सुट्टी संपली तसा नाथाजी उठून धोंडुबाईकडे गेला. मीही मागोमाग गेलो, काट्याकडे जायची तीच वाट होती असं समजा.

"मावशी, चक्की थांबवून काय बगताय?"

ती घाबरली. "न्हाई वो मास्तर, आता न्हाई थांबवायची."

"तसं न्हाई. हात टेकून काय कळतंय, ते सांगा."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, हा खरंच विचारतोय की मालकानं पाठवलाय म्हणून. "पोराला ताप हाय का न्हाई ते पंचांग बगून कळतंय व्हय? कपाळाला हात लावाय लागतोय. दगुड तापला की हळद करपती मास्तर. वास जातोय, रंग काळवंडतोय. एका मिनिटाचा गारवा दिला की परत नीट दळती."

"मग हे आदी का सांगितलं न्हाई?"

"कुनी इचारलं?" धोंडुबाई म्हणाली.

तिच्या बोलण्यात ठसका नव्हता, साधं उत्तर होतं. पण नाथाजी एक पाऊल मागं सरला. डाव्या बाजूचा कुणीतरी तेच बोलला असावा, तसा.

त्यानं लालासाहेबांना सांगून पाहिलं. मालक म्हणाले, "बायकांच्या हातावर गिरणी चालवू काय? सोमवारी बगू."

सोमवार आला. धोंडुबाईला निवडणाऱ्या बायकांत बसवलं होतं, चक्कीकडे पाठ करून. चक्कीवर मानसिंग. लालासाहेब खुर्ची टाकून समोर, हातात कोरा फळा. आणि नाथाजी घड्याळ घेऊन उभा. त्याचं काय पणाला लागलंय हे त्या गिरणीत मलाच माहीत होतं. मालकाला वाटत होतं नोकरी.

पहिला तास गेला. फुली नाही. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. दुसरा तास गेला. चक्कीचा आवाज जरासा जड झाला, निदान मला वाटला. निवडणाऱ्या बायकांचे हात मंदावले होते. धोंडुबाईनं वळून बघितलं नाही, पण तिच्या नाकपुड्या हलत होत्या.

तिसऱ्या तासाला पाच मिनिटं उरली असतील. नाथाजी जरासा उजवीकडे सरला. बाकावर बसलेला माणूस दुसऱ्याला जागा द्यायला सरकतो, तसा. मी पाहिलं. लालासाहेबांनीही पाहिलं, कारण त्यांनी मागं वळून कोण आलं ते बघितलं. कुणी आलं नव्हतं. मग नाथाजीनं घड्याळ खिशात टाकलं, मानसिंगच्या हातातला दांडा काढून घेतला आणि पट्टा रिकाम्या चाकावर ढकलला.

चक्की घरघरत थांबली.

"का थांबवलं?" लालासाहेब उठले. "कारण सांग, न्हाईतर फुली मार आन चालू लाग."

नाथाजीचे ओठ पांढरे पडले होते. "फुली न्हाई मारायची, मालक. येकदा मारली हाय. मालकांनी हात टेकून बगावं."

"मी?"

"व्हय. तुमीच."

लालासाहेबांनी हात टेकला आणि चटका बसून झटकन काढला. मानसिंगनं पोत्याचं तोंड सोडलं. खालची हळद पिवळी, वरची विटकरी, आणि वास फोडणी करपल्यासारखा. पोती मी मोजली. सकाळपासूनच्या सात पोत्यांत तीन बाद. नाथाजीनं मांडून दाखवलं. वेळ जेमतेम पैसाभर वाढला आणि चोख माल सात आण्यांनी पडला. गुणाकार करायला पाऊणकीचीही गरज पडली नाही.

लालासाहेबांनी तळहात धोतराला पुसला. "आरं, मग याला कारण हाय की! कारण हाय तर फुली का मारली?"

मोठी माणसं अशी तडकाफडकी शहाणी होतात. आपण फक्त मान डोलवायची.

धोंडुबाई परत चक्कीवर गेली. फुलीऐवजी नवी खूण आली, पंजाची. दर तासाला प्रत्येकानं आपलं मशिन हातानं बघायचं आणि काय लागलं ते बोलायचं, हा नाथाजीच्या शिकवणीचा पहिला धडा झाला. घड्याळ वाचायचा धडा दुसरा. हात लावून काय ओळखायचं ते धोंडुबाई शिकवायची आणि मास्तर खाली बसून ऐकायचा. पुढच्या दिवाळीपर्यंत दोन्ही चक्क्या दहा आण्यांवर आल्या. मानसिंग अजून बाहेर कुणी विचारलं तर सहाच सांगायचा. पण फळ्यावर खरं लिहायचा.

नाथाजीनं साहेबाकडचा तो जुना कागद मला एकदा दाखवला. 'विनाकारण' वर काट मारून खाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'बघत होता. विचारलं नाही.' मी कागद परत दिला आणि त्या दिवशी एकही थट्टा न करता घरी आलो. माझ्या मंडळींना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

पण माझा स्वभाव. एका रविवारी सकाळी त्याच्याकडे चहा पीत बसलो होतो. घड्याळात नऊ वाजले आणि त्यानं डावीकडे बघितलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काय नाथाजी, फुली गेली, कारण सापडलं, बाई कामावर राहिली. आता तुझा भाऊसो सुटला म्हणायचा. अजून कशाला येतोय?"

नाथाजी म्हणाला, "येऊ द्या की. हात टेकून बगतो आन आपल्या वाटंनं जातो. तुमच्यावानी दुसरा कप मागत न्हाई."